पासष्ट फेऱ्यांचा नोएल

रविवार, २ नोव्हेंबर

आज माझ्या सहा तबकड्यांना वाचा फुटली. चोरबाजारातून आणल्यापासून चार महिने त्या कपाटात पडून होत्या, कारण मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी वाजवायचं यंत्र आमच्या घोडपदेवच्या अख्ख्या इमारतीत कुणाकडे नाही. माझी बायको जाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, ह्यांनी बारशाची कुंची आणून ठेवली आहे, पोर कुठे आहे ते विचारू नका. शेवटी तबकड्या विकणाऱ्यानेच भायखळ्याच्या बेट्टीबाईंचा नंबर दिला. फोन केला तर म्हणाल्या, दोन तारखेलाच या, आमची मशीन वर्षातून एकदाच बाहेर निघते.

आज त्यांचा मृतांच्या आठवणीचा दिवस. सकाळी कबरीवर मेणबत्त्या लावून यायचं आणि घरी आल्यावर वडिलांची तबकडी एकदा वाजवायची. एकदाच. मग झाकण बंद, ते पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. लग्न होऊन आडनाव बदललं तरी बेट्टीबाई वडिलांच्याच घरात राहतात आणि दारावर पाटी अजून नोएल बाप्टिस्ट हीच आहे.

यंत्र पाहून मी खूश. अमेरिकन, जडशीळ. वेन मामा म्हणून बेट्टीबाईंचे मामा बोटीवर होते, त्यांनी एकसष्ट साली आणलं. पोटाखाली पितळी पाटी आहे, तिच्यावर ११० व्होल्ट, ६० सायकल आणि कुठल्याशा गावाचं नाव. आपल्याकडे दोनशे तीस व्होल्ट. पण मामा शहाणा माणूस, सोबत ट्रान्सफॉर्मरही घेऊन आला. माझ्या खिशात मीटर असतोच. मोजलं तर बरोब्बर एकशेदहा, एक व्होल्ट इकडे नाही की तिकडे नाही. यंत्र ठणठणीत असल्याचं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. चौतीस वर्षं विजेच्या सबस्टेशनात काढलेल्या माणसाचा शब्द आहे, असंही सांगितलं. बेट्टीबाईंची नात मेगन जरा हसल्यासारखी वाटली.

मग तबकडी लागली. नोएल बाप्टिस्ट हॉटेलच्या बँडमध्ये स्टील गिटार वाजवायचे. चोपन्न साली फोर्टातल्या एका स्टुडिओत पदरचे पैसे भरून त्यांनी ही एकच तबकडी कापून घेतली. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि बेट्टीबाई दोनच्या. पुढच्या वर्षी टायफॉइडने गेले. लेबलवर शाईने नाव आणि साल आहे, धुनेचं नाव नाही. आधी सहा तारा एकेक करून छेडलेल्या ऐकू येतात, वाजवणारा जुळवून बघतो तशा. मग धून सुरू होते. काय सांगू, जड, सावकाश, प्रत्येक सूर पाय ओढत चाललेला. शेवटी एक थकलेला, घोगरा आवाज म्हणतो, “चल, परत एकदा.” आणि खरखर.

बेट्टीबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, वडिलांचा चेहरा त्यांना आठवत नाही, आहे तो एवढाच. लोक म्हणतात की त्यांना मरण आधीच कळलं होतं, म्हणून असं वाजवलं. बेट्टीबाईंच्या आईला तर हे कधीच सोसवलं नाही. मशीन घरात आली तेव्हापासून दर दोन तारखेला तबकडी लागली की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि म्हणायची, “हा माझा नोएल नाय.” चौऱ्याण्णव साली जाईपर्यंत हेच.

त्यानंतर माझ्या सहा. त्यांतल्या एकीवर गाणाऱ्या बाईचं नाव छापलंय आणि गातोय चक्क पुरुष. त्या काळी छापखान्यात कुणाचं लक्ष नसायचं.

मीही घरी स्टील गिटार वाजवतो हे बोलण्यात आलंच होतं. निघताना मेगनने विचारलं, अंकल, ही धून तुम्हाला वाजवता येईल का? जानेवारीत तिचं लग्न आहे. पणजोबांचं एवढंच आपल्याकडे आहे, ते लग्नात असावं, असं तिचं म्हणणं. बेट्टीबाई म्हणाल्या, लग्नघरात हे रडगाणं कोण ऐकेल? पोरीने हट्ट धरला. अखेर ठरलं ते असं की मी बसवावं, आधी घरच्यांना ऐकवावं, आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तरच लग्नात.

मी हो म्हणून बसलो. घरी आल्यावर जाईने विचारलं, तुमका येता काय पण ता?


मंगळवार, ४ नोव्हेंबर

स्टील गिटार हे माझं साठीनंतरचं खूळ. मांडीवर आडवी ठेवायची, तारा बोटांनी दाबायच्या नाहीत, डाव्या हातातली लोखंडी कांडी त्यांवरून सरकवायची. त्यामुळे सूर पायऱ्या चढत नाही, घसरगुंडीवरून येतो. पण एक मेख आहे. बोटं दाबायची नाहीत म्हणजे सगळा खेळ मोकळ्या तारा कशा जुळवल्या आहेत यावर. सहाही तारा एकदम छेडल्या की जो सुरांचा घोस निघतो तो वाजवणाऱ्याचा गाव. जुने हवाईयन लोक बहुतेक ए मेजर नावाच्या ठेवणीत जुळवायचे. त्यात एक स्वच्छ, कोवळ्या उन्हासारखा आनंद आहे. पुढे सी सिक्स्थ आलं. ते जास्त हुशार आहे, साहेबी आहे, पण मला त्यात परक्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखं होतं. मी ए मेजरवाला.

नोएलसाहेबांनी कुठलं लावलं होतं ते कळलं तरच धून हाती येणार. बरं की त्यांनी सुरुवातीला सहाही तारा छेडून ठेवल्या आहेत, जणू माझ्यासाठीच. सबंध धुनेसकट त्या मोबाईलवर टिपून आणल्या आहेत. आज सूर मोजायच्या ॲपवर लावून पाहिल्या. ठेवण ए मेजरचीच, पण सगळा डोलारा तीन घरं, म्हणजे तीन अर्धे सूर, खाली! एफ शार्प. आणि त्यातही केसभर उतरलेला. असं कुणी जुळवलेलं मी ना ऐकलं ना वाचलं.

शोध लागला म्हणायचा. मी वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, “बाप्टिस्ट ट्यूनिंग”.


रविवार, ९ नोव्हेंबर

तीन घरं उतरवल्यावर माझ्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीइतक्या सैल पडल्या. कांडी टेकवली की खडखडतात. गिरगावात दौलतच्या दुकानात जाऊन जाड तारा मागितल्या. दौलत चाळीस वर्षं वाद्यं विकतोय. म्हणाला, “काका, इतकं खाली कोणी नाय लावत.” मी त्याला म्हटलं, कोणी नाही, म्हणूनच तर. त्याने तारा मुकाट्याने बांधून दिल्या.

इमारतीत बातमी पसरली आहे. दुसऱ्या मजल्यावरचे धम्मपाल कांबळे, हे शाळेत संगीत शिकवायचे, त्यांना मी नव्या ट्यूनिंगबद्दल अर्धा तास समजावलं. ते फार शांतपणे ऐकत होते. जिन्यावरून उतरताना मात्र म्हणाले, माणूस हॉटेलात नाचायच्या धुनी वाजवायचा ना हो? मी म्हटलं, कलावंताची दोन रूपं असतात.


रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी दूध आणायला जाताना कानात जुन्या हवाईयन रेकॉर्डी लावतो. शंभर वर्षांपूर्वीची खरखर, तिच्या मागे छोट्या गिटारीची टकटक, आणि वर तो स्टीलचा सूर, किंचित थरथरत, पण कुठे रडत नाही. मधूनच तारेला नुसता तळहात टेकवून काढलेला घंटेसारखा स्वच्छ नाद. ती एक टिंग ऐकायला मी तीन मिनिटं थांबतो. दुधाच्या रांगेत पुढच्या बाईंनी विचारलं, काका, कुणाचा मेसेज आलाय, इतके हसताय? काय सांगणार.

पण एक खरं, मोबाईलमध्ये सगळं पातळ आणि घाईचं वाटतं. बेट्टीबाईंच्या मशीनवर त्याच प्रकारच्या रेकॉर्डी कशा भारदस्त वाजतात. माझ्या तबकडीवरचं ते बाईच्या नावाचं गाणंही आज मोबाईलवर सापडलं. तिथे खरोखरच बाई गाते. दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेतलं असेल. यंत्र ते यंत्र. आजकालच्या डबड्यांत सुराला वजनच उरलेलं नाही.

माझी घंटा मात्र वाजत नाही. जाड तारांवर टिंग येतच नाही, ठप्प येतं.


रविवार, ७ डिसेंबर

लिहू की नको असं दोनदा झालं. लिहितो.

आज भायखळ्याला घरच्यांसमोर वाजवलं. बेट्टीबाई, त्यांची मुलगी जोॲना, मेगन. तुलना व्हावी म्हणून आधी तबकडी लावू द्या म्हटलं. नियम मोडून बेट्टीबाईंनी डिसेंबरात मशीन काढली, एवढा त्यांचा जीव त्यात होता. मग मी वाजवलं. हुबेहूब. जड म्हणजे जड, थकलेलं म्हणजे थकलेलं. पाच आठवड्यांत मी हे साधलं याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

वाजवून मान वर केली तर जोॲना खिडकीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. मेगन तिच्याजवळ गेली. बेट्टीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चांगला वाजवला, कोचरेकर. एकदम पपासारखा. म्हणून सांगते, लग्नात नको. पोरगी या घरातून हसत निघायला पायजे.”

मी गिटार पिशवीत घातली. मेगन खाली फाटकापर्यंत आली. म्हणाली, अंकल, तुमचं काही चुकलं नाही, ते होतेच दुःखी, मला फक्त ते तिथे हवे होते. आणि ती मान खाली घालून परत वर गेली.

माझं नक्की काय चुकलं ते मलाही कळत नाही. पण त्या पोरीला मी शब्द दिला होता. आणि त्या बाईंकडे वडील म्हणून जेवढं होतं तेवढं मी आज आणखी जड करून ठेवलं. फार वाईट वाटतंय.


गुरुवार, २५ डिसेंबर

अठरा दिवस गिटारीला हात लावला नाही. आज नाताळ म्हणून जाईला घेऊन बेट्टीबाईंकडे गेलो. जाई पहिल्यांदाच आली. दोघींचं पाच मिनिटांत जमलं. त्यांच्या घरचा बाटलीत भरून ठेवायचा जो बॉटल मसाला, त्यात काय काय पडतं ते जाईने विचारलं, बेट्टीबाईंनी निम्मं सांगितलं, बाकीचं जाईने नाकाने ओळखलं.

जाईलाच ती तबकडी ऐकायची हुक्की आली. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण बेट्टीबाईंनी लावली. जाई हनुवटीखाली हात घेऊन बसली होती. ती रडेल असं वाटलं तर तिच्या कपाळाला आठी. संपल्यावर म्हणाली, “ह्यो माणूस दुःखी नाय हो. दमलोसो वाटता.” बेट्टीबाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं.

परतताना मी तिला समजावलं की लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. संगीतातलं दुःख कळायला कान लागतो. ती टॅक्सीत खिडकीतून बाहेर बघत बोटांनी मांडीवर ठेका धरून होती. कसला कोण जाणे, भलताच जलद होता.


रविवार, २८ डिसेंबर

हे आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी अकराची गोष्ट. जाई बांगड्याच्या कालवणाचं वाटण वाटत होती. खाली कुणाचं तरी वेल्डिंग चाललं असावं, व्होल्टेज पडलं. मिक्सरचा आवाज एकदम खाली उतरला, जड झाला, ओढल्यासारखा फिरायला लागला. जाईने झाकणावरचा हात न काढता मला हाक मारली.

“ह्यो बगा. ह्यो तुमचो बाप्टिस्ट.”

मला राग आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिला शिकवायला लागलो. म्हटलं, तिथलं व्होल्टेज मी स्वतः मोजलंय, एकशेदहा, त्यात खोट नाही. आणि मिक्सरची मोटर वेगळी, रेकॉर्डच्या मशीनची वेगळी. मिक्सर व्होल्टेजवर जोर धरतो. मशीनच्या मोटरला व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तरी तिचा वेग ढळत नाही. तिचा वेग ठरतो तो सायकलवर, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, आपल्याकडे ती पन्नास असते आणि अमेरिकेत...

इथे मी थांबलो.

जाई म्हणाली, अमेरिकेत काय? मी खाली बसलो. फरशीवर. पाटी डोळ्यांसमोर आली. मी स्वतः वाचली होती, या वहीत स्वतःच्या हाताने लिहिली आहे. मागे जाऊन पाहिलं. ६० सायकल. चौतीस वर्षं माझ्या समोर भिंतीवर एकच मीटर होता, फ्रिक्वेन्सीचा. काटा पन्नासवरून जरा ढळला की आम्ही फोनकडे धावायचो. त्या मी, आनंदा कोचरेकरने, साठ सायकलचं यंत्र पन्नास सायकलवर फिरताना पाहिलं आणि ठणठणीत म्हणून प्रमाणपत्र दिलं! मामाने व्होल्टेजची सोय केली, सायकलचा विचार कुणी केला नाही. साठाच्या जागी पन्नास. सहा घास खायचे तिथे पाच.

कालवण जेवताना तोंडाला चव नव्हती. जाईने दोनदा विचारलं, मीठ कमी आहे का. मी म्हटलं, नाही, अक्कल.


सोमवार, २९ डिसेंबर

नऊ वाजता बेट्टीबाईंच्या दारात. त्या अजून चहा घेत होत्या. काय झालं ते मी सांगितलं नाही. म्हटलं, आधी मोजू दे. खात्री नसताना त्या बाईंच्या वडिलांबद्दल आणखी एक अक्षर बोलायची माझी हिंमत नव्हती.

फिरत्या तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली. घड्याळ लावलं. मिनिटभर चिठ्ठी किती वेळा समोरून जाते ते मोजलं. पासष्ट. परत मोजलं. पासष्ट. बेट्टीबाईंकडून मोजून घेतलं, त्यांनी जपमाळ ओढतात तसं बोटांवर मोजलं. पासष्ट.

अठ्ठ्याहत्तर भागिले साठ, गुणिले पन्नास. पासष्ट. शाळेतल्या पोरालाही सुटेल.

मला हसू फुटलं ते आवरेना. बेट्टीबाईंना वाटलं माझ्या छातीत कळ आली, त्या पाणी आणायला धावल्या. मग सगळं उलगडून सांगितलं. ही मशीन या घरात आली त्या दिवसापासून हळू फिरते आहे. त्यामुळे सूर खाली उतरतात, चाल संथ होते, आवाज घोगरा होतो. या घरात त्याआधी दुसरी मशीन नव्हती आणि ही तबकडी जगात दुसरी नाही. म्हणजे नोएल बाप्टिस्ट खरे कसे वाजवायचे ते चौसष्ट वर्षांत कुणी ऐकलेलंच नाही.

बेट्टीबाईंनी एवढंच विचारलं, “दुरुस्त होईल?”

मी म्हटलं, उद्या.


मंगळवार, ३० डिसेंबर

मोटरचा दांडा चाकाला घासून तबकडी फिरवतो, तो जाड केला की ती जलद फिरते. वायरींच्या जोडावर आम्ही एक प्लॅस्टिकची नळी चढवतो, ती काडी पेटवून दाखवली की आवळून घट्ट बसते. तीच दांड्यावर चढवली. एका थराला एकाहत्तर फेरे. दुसऱ्या थराला सत्त्याहत्तर. मग वरून सेलोटेपचा एक वेढा. अठ्ठ्याहत्तर. मेगनने ऑफिसला दांडी मारली होती, जोॲनाही आली होती. जाईला मी स्वतःहून सोबत नेलं होतं.

तबकडी लावली आणि सुई बेट्टीबाईंच्या हातात दिली.

सहा तारा. ए मेजर. माझा, सगळ्यांचा, साधासुधा ए मेजर! कोवळं ऊन. बाप्टिस्ट ट्यूनिंग म्हणून जगात काही नाही आणि नव्हतं. आणि मग ती धून जी उडाली. नाचाची धून आहे ती. पोरकट, खोडकर, एका सुरावरून दुसऱ्यावर टुणकन जाणारी, मध्ये मध्ये मला हवी असलेली ती घंटा, टिंग, डोळा मारल्यासारखी. आम्ही ज्याला हुंदका समजत होतो तो सूर हसू होता. वाजवणाऱ्याला स्वतःचंच कौतुक वाटतंय हे ऐकू येतं. शेवटी तो आवाज आला. थकलेला म्हातारा कुठच्या कुठे. दम लागलेला एक तरुण पोरगा, हसू दाबत म्हणतो, “चल, परत एकदा.”

मेगन म्हणाली, हा तर माझ्याएवढा आहे.

बेट्टीबाईंनी सुई उचलली. मला वाटलं त्या रडणार. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या.

“मम्मा बरोबर बोलायची,” त्या म्हणाल्या. “आमी समजलो तिला सोसवत नाय. तेहतीस वर्ष ती सांगत होती, हा माझा नोएल नाय. कोण ऐकेल? ती एकटीच तर त्याला ऐकलेली होती.”

जाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग दोघींनी परत लावली. मी मोजत होतो, सात वेळा वाजली. एकदाच वाजवायचा नियम कुणी मोडला ते विचारायची सोय नव्हती.

माझ्या तबकडीवरच्या बाईही आता बाईसारख्या गातात. छापखान्याची मनातल्या मनात माफी मागितली.


रविवार, ४ जानेवारी

बेट्टीबाईंनी लग्नात वाजवायला होकार दिला आहे, म्हणून जाड तारा काढल्या, जुन्या मापाच्या घातल्या. दौलतने “काय काका, वर आलात?” एवढंच विचारलं आणि तारांसोबत एक कांडी भेट दिली. धम्मपालना जिन्यात गाठून सगळं कबूल केलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला, सभ्य माणूस.

धून आता कठीण झाली आहे. दुःखी होती तेव्हा सोपी होती. या पोराच्या बोटांना चपळाई आहे आणि माझी बोटं सहासष्ट वर्षांची. जाई समोर भाजी निवडत बसते आणि चाल जरा ढिली पडली की न बघता म्हणते, मिक्सर.


रविवार, १८ जानेवारी

दहाला चर्चला पोचायचंय, जाई साडीला पिना लावतेय, तेवढ्यात लिहून घेतो.

काल उंबराचं पाणी झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी यांच्या घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी घेऊन येतात. बेट्टीबाई लाल लुगडं नेसून पुढे, डोक्यावर घागर, मागे बँड, ताशा, निम्मी गल्ली. मी मांडवात खुर्चीवर बसून राहिलो, मांडीवर गिटार, कारण हे वाद्य चालत वाजवता येत नाही. मशीन बाजूच्या टेबलावर फुलं घालून ठेवली होती, झाकण लावून. दर मिनिटाला तारा तपासत होतो, काटा तपासायचो तसा.

घागर उंबऱ्याशी आली आणि ठरल्याप्रमाणे बँड थांबला. शांतता झाली. मी सहा तारा एकेक करून छेडल्या, नोएलसाहेबांनी छेडल्या तशा. मग सुरू केलं.

पहिल्या फेरीला लोक नुसते बघत होते. दुसऱ्या फेरीला ताशेवाल्याने ठेका पकडला. टिंग आली, अगदी स्वच्छ, आणि कुणीतरी शिट्टी मारली. जोॲनाने खुर्च्या मागे ढकलल्या. मेगन हळद लावलेल्या हातांनी आईला ओढत मधे घेऊन आली. आमची जाई, जी गणपतीतही भिंतीला टेकून उभी असते, ती बेट्टीबाईंच्या समोर उभी राहून पदर खोचून फुगडी घालावी तशी फिरत होती. पंचाहत्तर माणसं त्या एवढ्याशा अंगणात नाचली. कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं, पण ते मी अटीत धरत नाही, मी घरचा नाही.

धून संपली. बोटं दुखायला लागली होती, मी कांडी खाली ठेवली. बेट्टीबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या होत्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, लुगड्याचा काष्टा सुटायच्या बेतात, धाप लागलेली, हसू दाबलेलं.

“चल,” त्या म्हणाल्या, “परत एकदा.”

मला क्षणभर वाटलं मशीन चालू झाली. बघितलं तर झाकण बंद होतं, वर फुलं होती. मेगनने आईचा हात घट्ट धरला. तिलाही तेच ऐकू आलं होतं. बेट्टीबाईंना स्वतःला काही कळलं नव्हतं, त्या माझ्या हाताकडे बघत थांबल्या होत्या.

मी कांडी उचलली आणि परत सुरू केलं.